लायनीवरचा यंत्रपारखी

खान्देशातील मालवाहतुकीच्या धंद्याने जे विविध मनुष्यविशेष घडवले, त्यांत लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी दिशादर्शक यंत्र निवडणारा अनुभवी चालक हा सर्वांत चिकित्सक, आणि तरीही सर्वांत कमी अभ्यासला गेलेला नमुना मानावा लागेल. त्याचा आढळ प्रामुख्याने धुळे आणि जळगाव येथील महामार्गालगतच्या ट्रक-अड्ड्यांवर होतो, आणि याला भौगोलिक कारण आहे : मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर-कोलकाता हे दोन जुने महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरकडून येणारा मार्गही तेथेच मिळतो, आणि त्यामुळे येथील चालकाला जन्मतःच चहूदिशांचे ज्ञान असते, अशी निदान त्याची स्वतःची समजूत असते. वयाने तो पन्नाशीच्या आसपास असतो. अड्ड्यावर त्याला 'आबा' किंवा 'उस्ताद' म्हणतात. गाडीचा क्रमांक 'एमएच १८' किंवा 'एमएच १९' ने सुरू होतो. आणि तो 'दिल्ली लायनीवर' किंवा 'कलकत्ता लायनीवर' असतो, म्हणजे त्या ठरावीक शहराकडे नित्य फेऱ्या करतो. रावेर-सावद्याची केळी हिरवी असतानाच उत्तरेकडे निघतात आणि मुक्कामी पोचल्यावर पिकवली जातात. जळगावच्या या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी वाटेत चुकलेल्या वळणाची भरपाई कोणतेही मानांकन करू शकत नाही, आणि म्हणून रस्ता दाखवणाऱ्या यंत्राची निवड ही या वर्गाच्या दृष्टीने चैनीची नव्हे, पोटाची बाब ठरते.

'जीपीएस' या एकाच नावाखाली बाजारात दोन भिन्न वस्तू मिळतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पहिली वस्तू गाडी कोठे आहे हे मालकाला कळवते, तर दुसरी गाडीने कोठे जावे हे चालकाला सांगते. मालक, म्हणजे शेठ, पहिली वस्तू उत्साहाने विकत घेऊन गाडीत नजरेआड बसवून टाकतो आणि चालकाला जीपीएस दिल्याचे समाधान मानतो. या पहिल्या यंत्राच्या विश्वसनीयतेविषयी यंत्रपारख्याला तिळमात्र शंका नसते, किंबहुना त्याची सर्व तक्रार त्या विश्वसनीयतेबद्दलच असते; कारण पारोळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजीचा रस्सा समोर येण्यापूर्वीच गाडी का थांबली, हे विचारणारा शेठचा फोन आलेला असतो. दुसरे यंत्र मात्र त्याला स्वतःच्या पसंतीने, आणि पुष्कळदा स्वतःच्या पैशाने, निवडावे लागते, आणि त्याच्या चिकित्सक वृत्तीला खरा बहर येतो तो येथेच.

दुकानदार त्याला शास्त्र समजावून सांगतो. अमेरिकेच्या जीपीएस योजनेत किमान चोवीस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांपैकी चारांचे संदेश एकाच वेळी मिळाले की यंत्राला आपले स्थान काढता येते. नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आल्यापासून हे स्थान काही मीटरांपर्यंत अचूक मिळू लागले. आणि २०१३ साली पहिला उपग्रह सोडून भारतानेही 'नाविक' ही स्वतःची प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. यंत्रपारखी हे सर्व मान हलवत, आदराने आणि अखेरपर्यंत ऐकून घेतो, आणि मग शांतपणे म्हणतो, "बरं, आता कन्नडचा घाट दाखव."

या पारख्याचे मर्म असे की यंत्राला तो स्वतःला ठाऊक नसलेला रस्ता कधीच विचारत नाही. ज्या वाटेवर त्याच्या आयुष्याची निम्मी वर्षे गेली, तीच वाट तो यंत्राला विचारतो आणि उत्तर आपल्या उत्तराशी जुळले तर यंत्र चांगले, न जुळले तर 'डबडं', असा निकाल देतो. परीक्षकाच्या या पद्धतीवर तर्कशास्त्री आक्षेप घेतील. परंतु प्रश्नपत्रिका तपासली असता ती वाटते तितकी पक्षपाती ठरत नाही. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील औट्रम घाट हा धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाण्याचा जवळचा मार्ग होय; मात्र २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तो अवजड वाहनांना बंद झाला आणि ट्रकांना नांदगाव, शिऊर बंगला असा वळसा घ्यावा लागू लागला. मोटारीसाठी आखलेल्या नकाशाला घाट उघडाच दिसतो, कारण मोटारीला तो उघडाच असतो. आपल्या पाठीशी चौदा चाके आणि वीस-पंचवीस टन माल आहे, ही गोष्ट त्या नकाशाला कोणी सांगितलेलीच नसते. अमेरिकेत ट्रकचालकांसाठी जी स्वतंत्र यंत्रे मिळतात, त्यांत गाडीची उंची, लांबी आणि वजन आधी भरावे लागते व त्यानुसार ठेंगणे पूल आणि निषिद्ध रस्ते वगळले जातात. आबांनी हे तत्त्व कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसते, तरी त्यांचा पहिला प्रश्न नेमका याच तत्त्वावर बोट ठेवतो.

दुसरा प्रश्न धुळे-जळगाव रस्त्याचा असतो. फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि त्या काळात तात्पुरती वळणे नकाशापेक्षा जलद गतीने बदलत राहिली. तेव्हा नकाशा किती दिवसांनी अद्ययावत होतो, या चौकशीला येथे वेगळेच वजन प्राप्त होते. तिसरा प्रश्न शिरपूरच्या पुढे, सेंधव्याच्या अलीकडे येणाऱ्या बिजासन घाटाचा असतो. उपग्रहांचा संदेश आकाशातून येत असला तरी नकाशा मोबाईलच्या नेटवर्कमधून येतो, आणि डोंगरात नेटवर्क गेले की पडद्यावर नुसता निळा ठिपका उरतो; म्हणून संपूर्ण नकाशा यंत्राच्याच पोटात साठवता येतो की नाही, हे विचारून पारखी परीक्षा संपवतो. दुकानदार तोपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

यंत्र खरेदी झाल्यानंतर जो सहवास सुरू होतो, त्याचे स्वरूप वैवाहिक आहे. यंत्रातील बाई शुद्ध हिंदीत, अत्यंत सौम्यपणे, सोनगीरजवळ 'यू-टर्न' घेण्यास सांगते, आणि आबा तितक्याच ठामपणे सरळ जातात. "तिले काय माहीत आठलं?" हा त्यांचा अहिराणीतील अभिप्राय, म्हणजे इथले तिला काय कळते, दर टप्प्याला ऐकू येतो. बाई रागावत नाही, नवा रस्ता काढते आणि काही वेळाने तोच सल्ला पुन्हा देते. असे असूनही ते यंत्र कधीच बंद केले जात नाही, ही बाब अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. पूर्वी शेजारच्या आसनावर क्लीनर असे, म्हणजे गाडी पुसणारा, मागे घेताना हाका देणारा आणि उस्तादाचे बोलणे मुकाट्याने ऐकणारा मदतनीस. खर्च वाचवण्याच्या ओघात अनेक गाड्यांवरील हे पद नाहीसे झाले, आणि रात्रभर ज्याच्याशी असहमत व्हावे असे कोणी तरी हवे, ही गरज मात्र राहिली.

शेठ आणि आबा यांच्यातील सनातन वाद अंतराचा असतो, आणि यंत्र आल्याने तो मिटण्याऐवजी त्याला पुरावे मिळाले. ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी जीएसटी व्यवस्थेत काढावा लागणारा परवाना, दोन पिनकोडांमधील अंतर स्वतःच काढतो आणि १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरना एक दिवस या हिशोबाने मुदत देतो. यंत्र आपले सर्वांत जवळचे अंतर सांगते. आणि गाडीचा मीटर प्रत्यक्ष झालेले अंतर दाखवतो. शेठ डिझेलचा हिशोब यंत्राच्या आकड्यावर मांडतो, आबा मीटरवर, आणि दोघांच्या बेरजेतील फरकाला प्रत्येक फेरीत 'घाट बंद होता' असे एकच स्पष्टीकरण असते, जे बहुतेक वेळा खरेही असते.

निष्कर्षादाखल असे म्हणता येते की हा पारखी यंत्राला नापास करण्याच्या हेतूने जे तीन प्रश्न विचारतो, तेच विश्वसनीय यंत्राचे तीन निकष होत : त्याला गाडीची उंची आणि वजन कळावे, त्याचा नकाशा ताजा असावा, आणि नेटवर्कवाचून त्याचे काम चालावे. स्वतंत्र यंत्र परवडत नसल्यास मोबाईलही चालतो. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि एकाग्रता ढळू न देता त्याचा वापर करण्यास मुभा आहे. तेव्हा शेठ लोकांनी पुढचे यंत्र घेताना दुकानदाराच्या आधी आबांना विचारावे, आणि आबांनीही अनोळखी मुलखात एकदा तरी त्या बाईचे ऐकून पाहावे. तिचे सगळेच रस्ते चुकीचे नसतात.