पायाखालचा पत्रा

जुनी गाडी बघायला आलेला माणूस बॉनेट उघडतो, टायरला लाथ घालतो, हॉर्न वाजवतो, धूर हुंगतो आणि जाणत्यासारखी मान डोलावतो. मॅट उचलून खाली बघणारा शंभरात एखादाच. आणि तो वाकतोय असं दिसलं की विकणारा नेमका चहा मागवतो.

पद्मिनीचंच घ्या. १९६४ पासून आधी फियाट ११०० म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून ही गाडी मुंबईत बनत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. पण घराघरात जपलेल्या पद्मिन्या अजून आहेत, आणि त्यांच्या मालकांशी 'विकून टाका ना' हा विषय काढायचा नसतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे सिल, खांब आणि छप्पर यांनी एकमेकांना धरून ठेवलं म्हणून ती उभी. म्हणजे तळ ही काही नुसती पाय ठेवायची सोय नव्हे.

तळ गंजला की मालक रस्त्यातल्या पाण्याला शिव्या देतो. पाणी मात्र पुष्कळदा वरून आलेलं असतं. काचेभोवतीचं रबर वाळलं की डॅशबोर्डामागून धार उतरते. दाराखालची पाणी जायची भोकं चिखलानं बुजतात. त्यात ओली छत्री आत येते. हे सगळं पाणी खालच्या नमद्यात मुरतं आणि जूनमध्ये भिजलेला नमदा गणपती उठले तरी वाळत नाही. कसा वाळेल? मालकानं प्रेमानं त्यावर कार्पेट घातलंय, कार्पेटवर रबरी मॅट, मॅटवर वर्तमानपत्र, आणि सगळ्या गाडीवर प्लास्टिकचं घट्ट कव्हर. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच पुरतं. मीठ मिळालं तर काम झपाट्यानं होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते हवेतून फुकट मिळतं. माझं तर मत आहे की निष्काळजी मालकापेक्षा काळजीवाहू मालकानंच जास्त तळ सडवले असतील.

मेहरौलीचा लोखंडी खांब सुमारे सोळाशे वर्षं ऊनपाऊस सोसतोय आणि फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे वर संरक्षक थर धरला, असं धातुशास्त्रज्ञ सांगतात. खरं असेल. पण त्याच्यावर इतक्या वर्षांत कुणी रबरी मॅट घातली नाही, हेही विचारात घ्यायला हवं.

डेंटरकडे गाडी गेली की आधी सीटा निघतात. त्यांच्याखाली केसांच्या पिना, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता आणि २०११ साली चलनातून गेलेले चार आणे सापडतात. मग डेंटर स्क्रू ड्रायव्हर घेऊन पत्रा टोचत जातो. मालकानं दाखवलेलं भोक रुपयाएवढं असतं. डेंटर टोचायचा थांबतो तेव्हा त्यातून जेवणाचं ताट आरपार जाईल. "साहेब, पत्रा खाल्लाय," तो शांतपणे म्हणतो. "हात लावला की वाढणार." मालकाला वाटतं, हा माणूस भोकं पाडतोय. तो फक्त पापुद्रे काढत असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे गेलेला पत्राही फुगून जाडजूड, धडधाकट दिसतो.

इथे सोप्या वाटा पुष्कळ. तेलाचा डबा कापून रिव्हेट मारा, वरून डांबर ओता, मॅट टाका, विषय संपला. विषय संपत नाही. ठिगळ आणि गंज यांच्या सापटीत पाणी निवांत राहायला येतं. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापणं, हाच एक इलाज. कापण्याआधी मात्र दाराच्या चौकटीत अँगलचे आडवे टेकू हवेत, नाहीतर तळ नवा होतो आणि दारं लागेनाशी होतात. बॅटरी सोडवायची, पेट्रोलचा पाइप कुठून जातो ते बघायचं, पाण्याची बादली जवळ ठेवायची. जुना नमदा पेटायला एक ठिणगी पुरते. नव्या पत्र्याला मूळच्यासारखे उठाव द्यायचे. सपाट पत्रा कमी ताठ असतो आणि चालत्या गाडीत थरथरून बोलत राहतो. वेल्डिंगही सलग ओढायचं नाही. इथे एक टॅक, तिथे एक, मधे पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तो पापडासारखा वाकडा होतो. शेवटी रेड ऑक्साइड, सांध्यांत सीलर, खालून कोटिंग.

एवढं झाल्यावर मालकाची खरी पंचाईत सुरू होते. रंग मारला असता तर सोसायटीनं पाहिला असता. तळ दाखवायचा कसा? तो फोटो काढून ठेवतो आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला आधीचं भोक, नंतरचं वेल्डिंग असं क्रमानं दाखवतो. शेजारचा जिलबी संपवून म्हणतो, "छान. रंग कधी मारताय?"

घरात आता नव्या तळावर काय घालायचं यावरून दोन तट आहेत. वहिनींना कार्पेट हवं, मालकाला उघडा पत्रा. तूर्त तडजोड म्हणून उन्हाचा दिवस दिसला की मॅट गच्चीच्या कठड्यावर जातात. पावसाळ्यात पाहुण्यांनी चपला काढून, त्या डिकीत ठेवून मगच आत बसावं, हा मालकाचा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.