ताटाखालची गोधडी

पुतणीकडे जेवायला गेले आणि तिच्या टेबलावर ताटांखाली अंथरलेल्या इवल्याइवल्या गोधड्या बघून आले. एकीची किंमत साडेतीनशे रुपये! "हे तर मी घरी शिवेन," असं सगळ्यांसमोर बोलून बसले, तिथेच फसले.

माप चौदा बाय अठरा इंच. वरच्या कापडाची चिंता नव्हती. एका ओटीतून आलेली आणि दुसऱ्या ओटीत जायची वाट बघणारी ब्लाउजपिसं कपाटात ढिगाने होती. खाली मांजरपाट. प्रश्न होता पोटाचा. आत भर कशाची घालायची?

पहिला मान कापसाला. तळेगावात एका गादीवाल्याकडे पाव किलो मागितला.

"उशी करायचीय का?"

"नाही, ताटाखाली घालायचाय."

त्याने हातातली सुई थांबवली. "का हो ताई, ताटाला पाठीचा त्रास आहे का?"

आहे की नाही ते कळलं नाही, पण पहिल्याच धुण्यात कापूस चारी कोपऱ्यांत पळाला आणि मधे खळगा पडला. आमटीची वाटी ठेवली की जेवणाऱ्याच्या मांडीकडे कलायची. त्यात महिना जुलैचा. मावळातल्या पावसात रुमाल वाळायला दोन दिवस घेतो. माझं मॅट पाच दिवस पंख्याखाली पडून होतं. वर गरम इंद्रायणी भात वाढला की खालून कुबट वास जागा व्हायचा.

मग वडगावहून लोकल पकडून पुण्याला, रविवार पेठेत. तिथून रजईत घालतात ते पॉलिएस्टरचं फायबर मीटरवर आणलं. ढगासारखं पांढरंशुभ्र. धुतलं तर तासाभरात वाळलं, गोळाही झाला नाही. पण इतकं फुगीर, की वर ठेवलेलं पाण्याचं भांडं डुलायला लागलं. जरा बसावं म्हणून गरम इस्त्री फिरवली, तर ढगाचा पापड झाला. इस्त्रीने ही दशा, तर गॅसवरून उतरवलेल्या कढईने काय होईल? फोमबद्दल विचारू नका. तो मशिनच्या दाबपट्टीखाली शिरायलाच तयार नव्हता.

तेव्हा कुठे आजीची गोधडी आठवली. तिच्यात कापसाचा कणही नव्हता. लुगडी, धोतरं, थरावर थर, आणि वरून जवळजवळ घातलेला धावदोरा. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं, आत सरकत नाही, धग अडवतं. म्हणजे उत्तर सोपं होतं. कपाट उघडलं. साड्या सिंथेटिक, मुलीच्या लेगिंग्ज ताणणाऱ्या, चादरी मायक्रोफायबरच्या. साठ वर्षांच्या संसारी बाईच्या घरात धड सुती चिंधी नाही! आईची नऊवारी लुगडी मी एका स्टीलच्या पातेल्यावर बोहारणीला दिली होती. पातेलं अजून आहे. या मॅटवर तेच ठेवायचं होतं.

घरात शंभर नंबरी सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेली एकच चीज होती: ह्यांचे बनियन. फाटले तरी टाकायचे नाहीत, हा ह्यांचा बाणा. वाटाघाटी झाल्या. एका जुन्या बनियनला एक नवा, आणि आत काय आहे ते पाहुण्यांना सांगायचं नाही. आमच्या वडगावला तहाची परंपरा आहे. १७७९च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना इथे कोंडून तह करायला लावला आणि वॉरन हेस्टिंग्जने तो कलकत्त्याहून फेटाळला. आमच्या घरात हेस्टिंग्ज मुलगी. "आई, शी! त्यावर जेवायचं?" पण तिचं कुणी ऐकलं नाही.

एका बनियनचे दोन थर निघतात. एका मॅटला चार थर, म्हणजे दोन बनियन. होजिअरीचं कापड ओढाल तिकडे ताणतं, म्हणून एक थर उभा, एक आडवा लावायचा. दोघे एकमेकांना आवरतात. सपाट बसतं, वाटी कलत नाही, पातेल्याची धग टेबलाला लागत नाही. परवा पुतणी आली, मॅटवरून हात फिरवून म्हणाली, "काकू, काय मऊ झालंय! आत काय घातलंय?" ह्यांनी भात कालवायला सुरुवात केली.

पाच मॅट झाली आहेत. सहाव्याला दोन बनियन लागतील. एक मिळाला आहे, दुसरा सध्या ह्यांच्या अंगावर आहे.