काटकसरीचा लातूर पॅटर्न

परीक्षेतला लातूर पॅटर्न साऱ्या महाराष्ट्राने उचलला. काटकसरीतल्या पॅटर्नची मात्र कुणी साधी गाइडसुद्धा काढलेली नाही. सूत्र सोपं आहे: जो खर्च कापलेला गल्लीला कळत नाही, तोच कापायचा.

२०२५ च्या खरिपाने हे सूत्र घराघरात पोचवलं. २०२१ च्या ऑगस्टात लातूरच्या आडतीवर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. त्या भावाच्या भरवशावर आमच्या अण्णांनी आयुष्याचं नियोजन केलं. २०२५ ला हमीभाव होता ५,३२८ रुपये. तो पेपरात मिळायचा. मोंढ्यात चार हजारांच्या आसपास बोली, तीही माल डागी नसला तर. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर डाग नसलेलं सोयाबीन नांदेड-लातुरात दाखवायला ठेवण्याइतकंच उरलं. तेव्हा अण्णांनी घरात बैठक बोलावली.

पहिला विषय, धाकट्याच्या नीटच्या क्लासची फी. तिला हात लावायचा नाही, हे विषय निघण्याआधीच मंजूर झालं. आम्ही नांदेडचे, म्हणून पोरगं लातूरला. लातूरचे पाहुणे त्यांचं पोरगं नांदेडला धाडतात. गावातल्या गावात शिकलं तर खोलीभाडं आणि मेसचे पैसे वाचतात, पण फुकटात राहून कुणी डॉक्टर झाल्याचं ऐकिवात नाही. २०२५ ला देशात २२ लाखांवर पोरं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, असं मी म्हणालो. अण्णा म्हणाले, “बाकीच्यांची काळजी आपण कशाला करायची?”

दुसरा विषय, पुतणीचं लग्न. कर्जमाफीचे पैसे शेतकरी साखरपुड्यात, लग्नात घालतात, अशा अर्थाचं तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे एप्रिलात बोलले होते. अण्णांना तो राग अजून आहे. कारण तोवर कर्जमाफी झालीच नव्हती आणि साखरपुडा उधारीवर झाला. पुढे ते सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याच्या आरोपावरून वाद झाला आणि कोकाट्यांना कृषीऐवजी क्रीडा खातं मिळालं. नवी भरती न करता हाताशी असलेल्या माणसाला आवडीचं काम देणं, ही काटकसर मला मनापासून पटली.

लग्नात काय कापायचं? फेटे नाहीत, पाहुणे फेटे मोजतात. जेवण नाही, ते तर जिल्हाभर मोजलं जातं. मंडपाबाहेरचा बॅनर? त्यावर ज्यांचे फोटो आहेत त्यांची परवानगी कोण काढणार!

मग कात्री जिथं सहज चालते तिथं चालली. वहिनींचा चष्मा पुढच्या सुगीवर गेला. दूध निम्मं झालं. औताचं भाडं रद्द करावं का, यावर थोडं थांबलो. अहमदपूर तालुक्यात त्या वर्षी एका म्हाताऱ्याने बैलाच्या जागी स्वतःच औताला जुंपून घेतलं, मागे त्याची बायको. तो व्हिडिओ साऱ्यांनी पाहिला. बैठकीत काही क्षण कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, “आपल्याला तसं जमायचं न्हाई, माझी कंबर दुखायलीय.”

सरकारही या पॅटर्नमध्ये मेरिटला आलेलं आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५ हजार कोटींच्या वर महसुली तूट. मग कात्री कुठं? आनंदाच्या शिध्यावर. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल अशी ती पिशवी २०२२ च्या दिवाळीला सुरू झाली. २०२५ च्या गणपतीत आलीच नाही. स्वयंपाकघरातली गोष्ट, बाहेरून कुणाला दिसते? शक्तिपीठ महामार्ग मात्र विमानातूनही दिसेल. तेव्हाच्या आराखड्यात पवनार ते पत्रादेवी ८०२ किलोमीटर, वाटेत नांदेड-लातूर हे दोन्ही जिल्हे. शेतकरी जमीन द्यायला तयार नव्हते आणि भूसंपादनासाठी जून २०२५ मध्ये २०,७८७ कोटी मंजूरसुद्धा झाले. न मागणाऱ्याला आधी द्यायचं आणि मागणाऱ्याला समिती द्यायची. अण्णा खूश झाले. “बघा, येवढं मोठं सरकार बी आपल्यासारखंच करायलंय.”

शेवटचा विषय आजीच्या बीपीच्या गोळीचा. रोजची गोळी दिवसाआड केली तर महिन्याचा खर्च निम्मा, आणि गल्लीत कुणाला पत्ता लागणार नाही. आजीची हरकत नव्हती. तिचा एकच प्रश्न होता. “घेते की दिवसाआड. पर पोरगं डाक्टर होऊन आल्यावर तपासायला घरात कुणीतरी ऱ्हायला पायजे ना रे?”

अण्णांनी तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि फेटेवाल्याला फोन लावला.