गिळलेला 'घ'

सांगली-साताऱ्याकडची माणसं शब्द वाया घालवत नाहीत. "कुठं?" "रानात." संपलं बोलणं. शब्दाच्या शेवटचा 'अ' तर साऱ्या महाराष्ट्रानेच गिळलाय. 'वाघ' म्हणताना 'घ' जेमतेम अर्धा बाहेर पडतो. मोठ्यांचं काही अडत नाही; अडतं पाच वर्षांच्या पोरांचं. त्यांना वाघ ऐकू येतो एका ठोक्याचा आणि फळ्यावर अक्षरं दोन. 'उंदीर'चे ठोके दोन, अक्षरं तीन. हे जास्तीचं अक्षर कुणाचं, असं पोर विचारत नाही. कॉलर चघळत बसतं.

अशा वेळी अंगणवाडीच्या ताई टाळ्या वाजवत गाणं सुरू करतात. बोलताना 'उं-दीर' म्हणणारं पोरगं गाताना बेधडक 'उं-दी-रऽ' म्हणतं. तीन टाळ्या, तीन अक्षरं, हिशेब जुळला! ओवी असो, आरती असो की बडबडगीत, चाल एसटीच्या कंडक्टरसारखी असते. मागच्या सीटवर तोंड लपवून बसलेल्या अक्षरालाही ती तिकीट काढायला लावते.

गाण्यांच्या बाबतीत सांगली जिल्ह्याने थोडी ऐट करायला हरकत नाही. 'नाच रे मोरा' लिहिलं गदिमांनी, जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. गायलं आशा भोसल्यांनी, त्यांचा जन्मही सांगलीचा. 'देवबाप्पा' हा चित्रपट 1953चा आणि चाल पु. लं.ची, तेवढं श्रेय बाहेर गेलं. मला गंमत वाटते ती आटपाडीची. जिथे ढग दिसला तरी लोक हरखतात, त्या दुष्काळी भागातल्या माणसाने पावसाचं इतकं भरभरून गाणं लिहावं! आमच्या शेजारची चिमुरडी ते रोज म्हणते. जो शब्द कळत नाही तिथे ती आपला शब्द ठोकून देते, पण यमक चुकू देत नाही. शब्दाचं शेपूट कुठे जुळतं हे तिच्या कानाला कळलंय, आणि वाचनाची निम्मी तयारी या कानातच होते.

पुण्याकडच्या भोंडल्याला आमच्याकडे हादगा म्हणतात. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. एकूण 136 वेळा गाणी होतात आणि उजळणी केल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष खिरापतीच्या डब्याकडे.

अक्षराआधी कान लावावा लागतो, हे तिकडे फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी केव्हाच ओळखलं होतं. अमेरिकेतून आलेल्या या बाईंनी पीएच.डी.साठी फलटणच्या बोलीचाच अभ्यास केला, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. आमचं बोलणं इतक्या मन लावून आम्हीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

पालकांचं म्हणणं मात्र ठरलेलं. "नुसती गाणीच म्हणून घेता, लिहायला कधी घेणार?" असं तावातावाने विचारणाऱ्या एका बापाला मी सहज एकोणतीस सत्ते किती ते विचारलं. गडी क्षणभर थांबला, डोळे मिटले आणि मान हलवत एकोणतीस एकेपासून तालात निघाला. दोनशे तीनला पोचेपर्यंत कुणी मध्ये बोललेलं त्याला चालेना.