गोंगाटाचे शास्त्र
बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ क्लॉड शॅनन याने १९४८ साली संज्ञापनाचे गणित मांडले, तेव्हा त्याला काळजी होती ती संदेश बिनचूक पोहोचण्याची. संदेशाचा अर्थ काय, हा प्रश्न अभियंत्याच्या दृष्टीने गैरलागू, असे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले होते. पदव्युत्तर संज्ञापन विभागांनी त्याची आकृती, म्हणजे प्रेषक, मार्ग, ग्राहक आणि वाटेत संदेश बिघडवणारा 'गोंगाट', फळ्यावर घेतली आणि अर्थाविषयीची ती बेफिकिरी (बहुधा नकळत) प्रबंधलेखनात इमानेइतबारे जपली. आकृती शिकवताना माइक खरखरतो, 'एन्ट्रॉपी' ही अनिश्चितता मोजणारी संज्ञा शेवटच्या बाकावर 'एंट्री फी' होऊन पोहोचते, आणि उत्तरपत्रिकेत तशीच उतरून पाचपैकी तीन गुण मिळवते.