बॉनेट उघडू का?

महाडच्या एसटी स्टँडसमोर तुम्ही चहा पीत उभे आहात. शेजारी एक माणूस येतो, पाऊस किती लांबला यावर दोन वाक्यं बोलतो, हायवेचं काम किती रखडलं यावर चार बोलतो, आणि अचानक आवाज खाली आणून विचारतो, "बॉनेट उघडू का?" घाबरू नका. हे भाऊ. महाडात असे दोन-तीन आहेत, पोलादपुरात एक आहे, बिरवाडीत एक होता तो लग्नानंतर सुधारला. आडनावं वेगळी, पण हाक सगळ्यांना भाऊच, आणि गाडीही तीच. पांढरी मारुती झेन, 1997 सालची, एमएच 06 पासिंग. दारावर उन्हाने पिवळट पडलेला रंग, मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, आरशाला लिंबू-मिरची. आरसी बुकात इंजिन 993 सीसी.

आरसी बुकात.

प्रत्यक्ष आत जे बसलंय ते एस्टीमचं. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, 85 घोडे. झेन कंपनीतून निघाली तेव्हा तिच्यात घोडे होते 50. म्हणजे पस्तीस घोडे भाऊंनी पदरचे घातलेत आणि गाडीचं वजन तेच, साडेसातशे किलोच्या आसपास. हा हिशेब भाऊ तुम्हाला टनामागे घोडे किती अशा भाषेत करून दाखवतात. त्यासाठी चहाच्या बिलाची मागची बाजू लागते, म्हणून बिल तेच मागतात. पैसे मात्र आपण द्यायचे.

आता मुख्य अडचण सांगतो. ही गोष्ट कोणाला कळता कामा नये आणि कोणाला कळली नाही तर भाऊंना झोप लागत नाही. बाहेरून गाडी जशीच्या तशी ठेवायची ही त्यांची प्रतिज्ञा. अलॉय नाही, स्टिकर नाही, स्पॉयलर तर नाहीच. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, कुठल्या तरी मास्तरांची गाडी आहे," हे त्यांचं ध्येय. आणि लोकांना नेमकं तसंच वाटतं हे त्यांचं दुःख. पेट्रोल पंपावरचा पोरगा ‘काका, शंभरचं टाकू?’ म्हणतो तेव्हा भाऊंचा चेहरा बघवत नाही.

हे इंजिन आलं कुठून, त्याचं पुराण ऐकावंच लागतं आणि खरं सांगायचं तर ते ऐकण्यासारखं आहे. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी दोघी शहरात आल्या. तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर महाडभर एकच दृश्य होतं: गाद्या उन्हात, वह्या उन्हात, धान्य उकिरड्यावर आणि रस्त्याच्या कडेला चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग. लोक आपल्या गाड्यांना चावी लावून बघत होते आणि तिथेच चुकत होते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं की पिस्टन ते पाणी दाबायला जातो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. एका डॉक्टरांची एस्टीम अशीच बुडाली होती, पण डॉक्टर लेकीकडे पुण्याला आणि चावी त्यांच्या खिशात. त्यामुळे गाडीला कोणी हातच लावला नाही. भाऊंच्या मते त्या पुरात महाडात सर्वांत शहाणपणाने वागलेली वस्तू म्हणजे ती चावी.

स्वतःच्या घरातला चिखल काढून झाल्यावर (आधी काढला, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो) भाऊ डॉक्टरांकडे गेले आणि ती गाडी भंगाराच्या भावात उचलून आणली. प्लग काढले, पाणी काढलं, ऑइल तीनदा बदललं. पहिल्यांदा निघालं ते ऑइल दुधाच्या चहासारखं होतं असं ते सांगतात, आणि त्यानंतर तुम्हाला चहा प्यायचा आग्रह करतात.

एस्टीमचं इंजिन झेनमध्ये बसतं कसं? भाऊंची उपमा ठरलेली आहे, स्थळाची. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी घराण्यातली, चार सिलिंडरवाली. कुळ एक, म्हणून पत्रिका जुळते. पण पत्रिका जुळली म्हणून संसार जुळतो असं नाही. गिअरबॉक्स एस्टीमचाच घ्यावा लागला, कारण झेनचा या ताकदीपुढे किती टिकेल याचा भरवसा नाही. माउंटिंग नवीन बनवली, रेडिएटर मोठा, पुढचे ब्रेक मोठे. शिवाय झेन कार्ब्युरेटरची आणि नवं इंजिन इंजेक्शनचं, म्हणजे टाकीत दाबाचा पंप हवा आणि वर डोकं चालवायला ईसीएम हवा. एस्टीमचा मूळ ईसीएम पुरात गेला होता. त्यासाठी भाऊ वीर स्टेशनवरून पॅसेंजर धरून मुंबईला, कुर्ल्याच्या भंगार बाजारात. येताना ईसीएम जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आणि वायरिंगचं भेंडोळं गोणीत. डब्यातल्या शेजाऱ्याने विचारलं, "जाळं का?" भाऊ ‘हो’ म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

काम केलं चाचांनी. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, आत चेन-कप्पी टांगलेली आणि चाचांचं वय साधारण त्या कप्पीएवढं. चाचांना या प्रकाराचं काडीचं नवल नाही. त्यांच्या तरुणपणी पेट्रोलची अँबॅसिडर आणि फियाट यायची, तिचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवायचं. जीपमध्ये मॅटॅडोरचं इंजिन तर इतक्यांदा बसवलं की मोजणं सोडून दिलं. पण तेव्हाचा हिशेब सरळ होता. डिझेल स्वस्त, गाडी भाड्याला, वर्षभरात खर्च वसूल. चाचांना न कळलेली गोष्ट एकच. "शेठ, तेव्हा लोक पैसा वाचवायला इंजिन बदलायचे. तुम्ही कशाला बदलताय?" यावर भाऊंनी 1964 ची मॉन्टे कार्लो रॅली काढली. इवलीशी मिनी कूपर मोठ्या मोठ्या गाड्यांना मागे टाकून जिंकली, मग 1976 साली जर्मनीत गोल्फ जीटीआय विकायला आली आणि घरच्या साध्या गाडीत दांडगं इंजिन घालायचा हा धर्म जगभर पसरला. याला हॉट हॅचबॅक म्हणतात, चाचा. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दहाचा पाना मागितला.

हॉट हॅचबॅक म्हणजे काय, ते वहिनींना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. पायाखालचा पत्रा तापतो. एसीचा कॉम्प्रेसर नव्या मांडणीत बसेना, म्हणून तो काढून माळ्यावर ठेवला आहे, ‘पुढच्या महिन्यात बघू’ या बोलीवर. महाडचा मे ज्यांनी सोसलाय त्यांना यापुढे काही सांगायला नको. पूर्वी लिटरला सोळा किलोमीटर जाणारी गाडी आता अकरा जाते. तेही भाऊ अकरा म्हणतात. पेट्रोलच्या पावत्या वहिनींकडे असतात, त्या काही म्हणत नाहीत.

कायद्याचं भाऊंना अज्ञान आहे असं समजू नका. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 त्यांना रामरक्षेसारखं पाठ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेशी आणि आरसीतल्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जुन्याच प्रकारचं इंजिन बदलून टाकायचं तर तेही आरटीओच्या परवानगीने, म्हणजे पेणला जाऊन. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. हे भाऊंनी एकदा जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं. वहिनी भात वाढता वाढता थांबल्या. "दर बदलामागे?" त्यांनी बोटं मोजायला घेतली. "इंजिन एक. गिअरबॉक्स दोन. सायलेन्सर तीन. अहो, ब्रेक धरायचे का?"

माझं स्पष्ट मत आहे की कायदा इथे बरोबर आहे आणि भाऊ चूक. विमा कंपनी उद्या एक रुपया देणार नाही. हे मी त्यांना सांगितलंय. त्यांनी मान डोलावली आणि बॉनेट उघडलं.

एवढी ताकद वापरायची कुठे, हा खरा प्रश्न. मुंबई-गोवा हायवेवर वर्षानुवर्षं आज हा पट्टा सुरू तर उद्या तो बंद. शहरात पुढे मिनीडोर. पोलादपूरवरून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरड कोसळून कधी बंद होईल सांगता येत नाही आणि सुरू असेल तेव्हा पुढे एसटी, तिच्या पुढे धुकं. राहिला जुना कशेडी घाट. बोगदा झाल्यापासून बहुतेक गाड्या डोंगराच्या पोटातून जातात आणि घाटातली वळणं रिकामी पडलीत. सगळा तालुका बोगद्याने खूश झाला तो वेळ वाचला म्हणून. भाऊ खूश झाले ते घाट मोकळा झाला म्हणून. रविवारी सकाळी ते वर जातात, खाली येतात आणि विचारलं तर सांगतात, दूध आणायला गेलो होतो.

मी एकदा सोबत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढावर अशी ओढते की पोट सीटला मागे राहतं आणि आपण पुढे, हे मी नाकारणार नाही. त्या दोन मिनिटांत भाऊ काहीच बोलत नाहीत. एरवी कधी हा चमत्कार घडत नाही.

पण गेल्या गणपतीत वाईट झालं. मुंबईहून भाचा आला, नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन. मोठी, उंच, आत पाच माणसं, मागे गणपतीच्या सामानाचे डबे. इंजिन म्हणाल तर एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. भाऊ मनातल्या मनात हसले. पोलादपूरच्या पुढे चढ लागला, भाऊंनी दुसरा टाकला, सुई लालपर्यंत नेली. भाचा शेजारून गेला. एका हातात वडापाव होता त्याच्या. ही शर्यत आहे हे त्या पोराला कळलंच नाही, आणि हरण्यापेक्षा ते जास्त लागलं. आजकालच्या एक लिटर टर्बोला 120 घोडे असतात, ते कंपनीच बसवून देते, एसीसकट. संध्याकाळी भाऊ आरतीच्या आधी एवढंच म्हणाले, "टर्बो म्हणजे काय, फुंकर मारून पळवणं. त्यात इंजिनाची काय करामत?"

आणि मग तो नाका. घाटातून उतरत होतो, पायथ्याशी पोलिसांनी हात केला. भाऊंचा रंग उडाला. मी मनात पाच-पाच हजार मोजायला लागलो. हवालदार आले, वाकले, लायसन्स बघितलं, पीयूसी बघितली, आरसीवरून नजर फिरवली. लिंबू-मिरचीकडे बघून हसले. "सत्त्याण्णवची? छान ठेवलीय हो. आमच्या मामांकडे होती. जा."

सुटलो. भाऊंनी चावी फिरवायची, पहिला टाकायचा आणि निघायचं, एवढंच होतं. पण हात चावीवर थांबला. मी त्यांचा गुडघा दाबला. उपयोग झाला नाही.

"साहेब," भाऊ म्हणाले, आवाज खाली आणून, "बॉनेट उघडू का?"

हवालदारांनी त्यांच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा कनवाळू झाला.

"गरम झाली का? घाट चढून जुन्या गाडीचं असंच होतं, काका." जीपमधून त्यांनी पाण्याची बाटली आणून खिडकीतून आत दिली. "घ्या, राहू दे तुमच्याकडेच."

भाऊंनी ती घेतली. महाडपर्यंत चाळिसाच्या वर गेले नाहीत. ती बाटली अजून मागच्या सीटखाली आहे, वळणावर इकडून तिकडे गडगडते. मी दोनदा म्हटलं, काढून टाकू का. "असू दे," म्हणतात.