आर्मीतल्या काकू

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पण ते सातही जण तुला वेगवेगळे ओळखता येतात?" विचारणारी व्यक्ती हा प्रश्न जगात प्रथमच कुणीतरी विचारतंय अशा आविर्भावात विचारते आणि वर इतरांकडे बघून हसते. माझ्या सासरी विजय नावाचे चार पुरुष आहेत. चौघांनाही मिशा आहेत, चौघंही पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन लावतात, आणि जेवण झालं की चौघंही "बडीशेप?" एवढंच बोलतात. लग्न झाल्यापासून त्यांच्यात माझी कधी गल्लत झालेली नाही. ज्यांच्या केसांचा रंग दर गाण्याला बदलतो अशी सात सुस्वरूप मुलं ओळखायला मला काय जड आहे?

दुसरा प्रश्न, "या वयात?" त्याला मी उत्तर देत नाही. तिसऱ्याकडे नंतर येते.

बीटीएस म्हणजे काय ते सांगत बसत नाही. घरात आठवी-नववीतली मुलगी असेल तर तुम्हाला माहीत आहेच, नसेल तर शेजारच्या भिंतीतून ऐकू येतच असेल. माझ्यापर्यंत ते लॉकडाऊनमध्ये भाचीकडून आले. ती वर्षभरात बरी होऊन कॉलेजच्या नादी लागली, मी राहिले. म्हणजे मी आर्मीत आहे. त्यांच्या चाहत्यांना आर्मी म्हणतात. एकदा बँकेतल्या सहकाऱ्याला मी हे अर्धवटच सांगितलं, तर त्यानं आदरानं खुर्ची पुढे केली. मी बसले.

पण किंचाळणाऱ्या, भिंतीवर पोस्टरं लावणाऱ्या पोरींतली मी नाही, हे इथंच नोंदवते. माझं प्रेम आस्वादक आहे. सातांमधला जो आपला, त्याला बायस म्हणतात. माझा बायस किम नामजून, म्हणजे आरएम. भाचीनं जिमिन निवडला तो नाच बघून. मी नामजून निवडला तो बुद्धी बघून. तो पुस्तकं वाचतो, म्युझियमं हिंडतो. त्याच्या 'इंडिगो' अल्बममधलं पहिलं गाणं युन ह्योंग-कुन या कोरियन चित्रकारावर आहे. मी त्या चित्रकाराचीही माहिती काढली आणि भिशीत सांगितली. बीटीएसचा 'विंग्ज' हा अल्बम हेर्मान हेसेच्या 'डेमियन'वर बेतलेला आहे, हे तर मी इतक्या वेळा सांगितलंय की भिशीतल्या बायका 'डे' म्हटल्यावर साबुदाणेवडे वाढून घ्यायला उठतात. 'डेमियन' मी विकत घेतलं, वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या. नामजूनच्या गालाला खळ्या पडतात, हा निव्वळ योगायोग.

बायस रेकर म्हणूनही एक प्रकार असतो. आपल्या निष्ठेला सुरुंग लावणारा तो. माझा जिन. जिन स्वतःला 'वर्ल्डवाइड हँडसम' म्हणवून घेतो, आणि हे विधान खोडून काढायला मला आजवर काही सापडलेलं नाही. भिशीत मी जिनचं नाव काढत नाही. त्याच्याजवळ हेसे नाही.

'डायनामाइट' आलं त्या दिवशी हरतालिका होती. २१ ऑगस्ट २०२०, शुक्रवार. सोलमध्ये दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. पूजा उरकून मी फोन घेऊन स्वयंपाकघरात बसले. दुसऱ्या दिवशी गणपती, ओटा रिकामा, पुरणाची डाळ अजून डब्यात, आणि उपास. भाचीनं नियम पाठवले होते. आवाज बंद ठेवायचा नाही. तेच गाणं लागोपाठ लावायचं नाही, नाहीतर यूट्यूबला आपण माणूस नसून यंत्र आहोत असं वाटतं आणि ते आपली मोजणी करत नाही. मध्ये दुसरं काहीतरी ऐकायचं. माझी आस्वादकता इथं आडवी आली. मध्ये मी किशोरीताईंचा भूप लावला. भूप मध्येच तोडणं मला शक्य नव्हतं, तशी मी वाढलेली नाही. त्यामुळे ब्राझीलच्या पोरी पाच-सात वेळा गाणं बघून पुढे गेल्या तरी मी आपली विलंबितातच. भाचीचा मेसेज आला, "मावशी, तू कुठं आहेस?" मी लिहिलं, "भूपात."

पहिल्या चोवीस तासांत दहा कोटींवर व्ह्यूज झाले. त्यातले थोडे माझे आहेत, उपाशीपोटी केलेले. हरतालिकेला चांगला नवरा मागायचा असतो. तो घरात होताच, बाहेरच्या खोलीत मखराच्या थर्मोकोलशी झटापट करत होता. म्हणून मी अमेरिकेच्या यादीतला पहिला नंबर मागितला. विसर्जनाच्या आदल्या रात्री बातमी आली, 'डायनामाइट' बिलबोर्ड हॉट १०० वर पहिलं. शंकर-पार्वती मागणी तपासून बघत नाहीत, हे एक बरं आहे.

आता तिसरा प्रश्न. "ते बायकांसारखा मेकअप करतात ना गं?"

हा प्रश्न मला पुण्यात विचारला जातो. ज्या गावात बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे, त्या गावात. विचारणाऱ्या काकांच्या दिवाणखान्यात भामिनीच्या वेशातल्या बालगंधर्वांचा फोटो चौकटीत आहे. नाकात नथ, अंगावर शेला, मान किंचित कललेली. त्या फोटोखाली बसून काका मला विचारतात, हे ओठांना लाली लावणारे कसले पुरुष? मी एकदा मान वर करून नुसतं फोटोकडे बघितलं. काका म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं, ते त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितलं नाही.

नारायण श्रीपाद राजहंस या गृहस्थानं नेसलेलं लुगडं, माळलेला गजरा, घेतलेला शेला बघून घरंदाज बायका तसं नेसायला, माळायला लागल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं ते महाराष्ट्रानं एका पुरुषाकडून शिकून घेतलं. वन्स मोअरवर वन्स मोअर व्हायचे, नाटकं पहाटेपर्यंत चालायची, माणसं रात्रभर जागून सकाळी तशीच कचेरीत जायची. आणि पक्ष होते! आमच्या घरातच दोन होते. आजोबा कोल्हापूरचे, म्हणजे केशवराव भोसल्यांचे. आजी मिरजेची, म्हणजे गंधर्वांची. केशवरावांचा आवाज आजोबांच्या मते छप्पर फाडून वर जायचा. आजीच्या मते छप्पर फाडायला गवंडी पुरतो, गवई कशाला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, केशवराव धैर्यधर आणि गंधर्व भामिनी. आजोबा म्हणायचे, मी त्या प्रयोगाला होतो. आजी म्हणायची, यांच्या वयाचा सगळा कोल्हापूर त्या प्रयोगाला होता, मग कोल्हापुरात कोण होतं? आजोबा म्हणायचे, केशवरावांनी पहिल्या पदालाच बाजी मारली. आजी प्रयोगाला नव्हती, त्या वेळी ती परकरात होती, पण बाजी कुणी मारली हे तिला नक्की माहीत होतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. आजी-आजोबांचं भांडण त्यानंतर पन्नास वर्षं चाललं. जेवताना निघायचं, आमटीत मीठ कमी असलं की निघायचं. हल्ली बीटीएस आणि ब्लॅकपिंकच्या पोरी इंटरनेटवर एकमेकींच्या झिंज्या उपटतात, त्याला फॅनवॉर म्हणतात. मला ते बघून माजघरात आल्यासारखं वाटतं.

आजीनं तरुणपणचे गंधर्व कधी बघितलेच नाहीत. तिच्या माहेरी मुलींनी नाटकाला जायचं नव्हतं. वडील पहाटे परत यायचे आणि तोंड धुताना पदं गुणगुणायचे, ती तिनं न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून पाठ केली. तिच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, मासिकातून कापलेलं त्यांचं एक चित्र होतं. कागद पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला, मागच्या बाजूला कुठल्यातरी केशतेलाची अर्धी जाहिरात. शालूला ऊन दाखवायचा दिवस आला की चित्रालाही ऊन मिळायचं. आजोबांना ते ठाऊक होतं. त्यांनी ते कधी फाडलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

तिनं गंधर्वांना अखेर बघितलं ते ते म्हातारे झाल्यावर. अंग सुटलेलं, वय लपत नव्हतं, तरी लुगडं नेसून उभे राहिले होते. प्रेक्षकांत हसू फुटलं. आमच्या आजीनं, जिनं नवऱ्यालाही आवाज चढवून कधी हाक मारली नाही तिनं, पुढच्या रांगेतल्या परक्या पुरुषाला सांगितलं, "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा." ही गोष्ट ती हसत हसत सांगायची, पण शेवटचं वाक्य सांगताना हसायची नाही.

मला राग येतो तो इथं. बीटीएसला नावं ठेवा, गाणी आवडत नसतील तर ऐकू नका. पण एखाद्या पोरीला काहीतरी जिवापाड आवडतंय हे दिसलं की सगळ्या घरादाराला हसू का येतं? माझा नवरा १९८३ च्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना अजून बघतो. कपिलनं रिचर्ड्सचा झेल घेतला की अजून टाळी वाजवतो, जणू या वेळी सुटला असता. त्याला कुणी "या वयात?" असं विचारत नाही. थंडीत मफलर गुंडाळून सवाईला बसणारे रसिक, आणि सिनेमागृहात दिवे घेऊन बसणाऱ्या पोरी बिघडलेल्या. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं बारावीच्या वर्षी सगळे अल्बम कपाटावर बांधून ठेवले. आईनं सांगितलं नव्हतं, घरातल्यांच्या थट्टेला कंटाळून. ती आता मला लिफ्टमध्ये भेटते तेव्हा खालच्या आवाजात विचारते, "काकू, नवीन काय?" अफूचा धंदा करत असल्यासारखं वाटतं.

नवऱ्याला मात्र फार बोलता येणार नाही. कोरियात धडधाकट पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते, त्यात हे सातही जण एकामागून एक गेले. १३ डिसेंबर २०२२ ला जिन पहिला गेला. मी कालनिर्णयवर 'जिन' असं लिहिलं. नवऱ्यानं विचारलं, "हे काय, दूध नाही?" मग दूध नसलेल्या दिवसांच्या शेजारी एकेकाची नावं चढत गेली. १२ जून २०२४ ला जिन सुटला, तेव्हा नामजूननं गणवेशात उभं राहून त्याच्यासाठी सॅक्सोफोनवर 'डायनामाइट' वाजवलं. ते मी बघत असताना नवरा मागे येऊन उभा राहिला. "सूर लागला नाही," म्हणाला. आणि मग, "सगळे कधी सुटतील?" शेवटचा, सुगा, सुटला तो २१ जून २०२५ ला. त्या दिवसापुढे कालनिर्णयवर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'संपले'. गॅस सिलिंडरबद्दल असेल अशी आधी माझी समजूत झाली.

आता एका फोटोकार्डाची गोष्ट सांगते. अल्बमच्या खोक्यात एक छोटं कार्ड येतं, गुळगुळीत, गोल कोपऱ्यांचं, आधारकार्डाएवढं. सातांतला कोण निघेल हे नशीब. मी कात्रीनं प्लास्टिक कापलं, पानं उलटली, आणि जिमिन निघाला. भाचीकडे द्यावा तर ती आता 'मोठी झाली' होती. ग्रुपवर अदलाबदलीचा मेसेज टाकला, कोथरूडच्या एका मुलीकडे नामजून होता. भेटायचं ठरलं बालगंधर्वच्या फाटकाशी, शनिवारी संध्याकाळी. जागा मी सुचवली, कारण तिला नाही तरी मला तिचा अर्थ माहीत होता.

स्कूटरवरून मुलगी उतरली, दहावीतली असावी. आई हेल्मेट न काढता स्कूटरवरच बसून राहिली, इंटरनेटवरून ओळख झालेल्या माणसांबद्दल जी शंका बाळगायला हवी ती बाळगून. मी पुढे झाले तशी तिनं माझ्या मागे बघितलं.

"तुमची मुलगी कुठंय?"

"मीच," मी म्हटलं.

तिनं हेल्मेट काढलं.

मुलगी मात्र कामाची होती. जिमिन हातात घेतला, मोबाइलचा टॉर्च लावला, कार्ड तिरकं धरलं. "काकू, मागे स्क्रॅच आहे का? कोपरा दबलाय का? स्लीव्हमध्ये ठेवला होता ना?" कर्ज मंजूर करताना मी इतके प्रश्न विचारत नाही. मग तिनं नामजून काढला, दुहेरी प्लास्टिकमध्ये, वर जांभळा स्टिकर. मी घेतला आणि सुटलेला मोठेपणा जरा परत यावा म्हणून म्हटलं, "माझा बायस नामजून आहे. म्हणजे, त्याचं वाचन वगैरे…"

"हो, सगळ्या काकूंचा नामजूनच असतो," ती जिमिन कव्हरमध्ये सरकवत म्हणाली.

"मी 'डेमियन' वाचलंय."

"त्यापण वाचतात. आणि मग सगळ्यांचा रेकर जिन असतो."